‘समाप्त’च्या जागी ‘बंद’

“मॅडम, एक विचारू? हे ‘बंद करा’ म्हणजे काय बंद करा? खिडकी, का पेशंट?”

सभागृहात हशा पिकला. चाळीसेक नर्सबाया होत्या, जेवणानंतरची वेळ होती, पंखे नुसतेच कुरकुरत होते आणि दोन-चार जणी केव्हाच्या पेंगायला लागल्या होत्या. त्याही जाग्या झाल्या. विचारणारी तिसऱ्या रांगेत उभी होती. ठेंगणी, सावळी, पस्तिशीच्या आतबाहेरची. सगळ्या हसत होत्या, ती हसत नव्हती. तिला उत्तर हवं होतं.

“तुमचं नाव?”

“रमिला वळवी. कोठारपाडा, ग्रामीण रुग्णालय.”

मला तो प्रश्न इतका आवडला की मी व्यासपीठावरून खाली उतरून तिच्याजवळ गेले. तिच्या हातातल्या टॅबलेटवर बोट ठेवून दाखवलं. “हे बघा रमिलाताई. वर कोपऱ्यात ‘बंद करा’ आहे ना, त्यानं फक्त समोरची खिडकी जाते. तुम्ही मागितलेली गाडी येतच राहते. आणि खाली हे लाल बटण आहे, ‘समाप्त करा’. ते दाबलं की तुमची मागणी संपली. मग गाडी परत फिरते. ‘बंद’ला कधी घाबरायचं नाही, ‘समाप्त’ला हात लावताना विचार करायचा. आमच्या सगळ्या स्क्रीनवर आणि पुस्तिकेत एका शब्दाचा एकच अर्थ आहे.”

तिनं पिशवीतून वही काढली आणि सावकाश लिहून घेतलं. मी वाकून पाहिलं. ‘बंद म्हणजे फक्त खिडकी. समाप्त म्हणजे गाडी परत.’

“मी आमच्याकडच्या पोरींना असंच पाठ करून घेते,” ती म्हणाली. “तिकडे डॉक्टर नसतात पुष्कळ वेळा. आम्हालाच दाबावं लागतं.”

मी मूळची सोलापूरची, सुलक्षणा बिराजदार. मराठीत एम.ए. केलं, चार वर्षं एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली आणि मग पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. स्क्रीनवरचे मराठी शब्द ठरवायचे आणि वापरणाऱ्यांसाठी पुस्तिका लिहायची, हे माझं काम. लोकांना ते भाषांतर वाटायचं. खरं काम वेगळंच होतं. एका पानावर ‘जतन करा’ आणि दुसऱ्या पानावर ‘साठवा’ आलं की वापरणारा थबकतो. त्याला वाटतं, या दोन निराळ्या गोष्टी असणार. आणि दोन निराळ्या गोष्टींना एकच शब्द दिला, तर तो थबकतही नाही, सरळ चुकतो. म्हणून मी एक शब्दसूची केली होती. चारशे बारा शब्द. प्रत्येकापुढे त्याचा अर्थ, तो कुठे वापरायचा आणि कुठे नाही. ऑफिसात मला शब्दांची फौजदार म्हणायचे. मी वरवर रागवायचे, आतून सुखावायचे.

आडगावच्या रुग्णालयांना रुग्णवाहिका मागवता यावी म्हणून आमच्या कंपनीनं ते सॉफ्टवेअर केलं होतं. सातपुड्याकडचे काही तालुके त्यात होते. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी माझ्या मॅनेजरना, कर्णिक सरांना, रमिलाबाईंचा प्रश्न सांगितला. ते म्हणाले, “बघ, तुझी सूची कामाला आली.” त्या रात्री मला गाढ झोप लागली होती, हे अजून आठवतं.

तीन महिन्यांनी नवी आवृत्ती निघायची होती. शुक्रवार होता. माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा रविवारी होता आणि पाचला माझी सोलापूरची गाडी होती. बॅग टेबलाखाली भरून ठेवलेली. दुपारी तीनला कर्णिक सरांनी बोलावलं. स्क्रीनची मांडणी करणारा ईशान तिथं आधीच बसला होता.

“वरून एक निरोप आलाय,” कर्णिक सर म्हणाले. “साहेबांनी डेमो बघितला. पेशंटबाईचं नाव, आणि त्याच्याखाली लाल अक्षरात ‘समाप्त करा’. साहेब म्हणाले, हे काय अभद्र लिहिलंय? बाईला समाप्त करताय का?”

खरं सांगायचं तर मला हसू आलं. आणि साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. नावाखाली तो शब्द वाईटच दिसत होता.

“मग ‘मागणी मागे घ्या’ करू,” मी म्हटलं.

“बसत नाही,” ईशान म्हणाला. “तीन शब्द आहेत. अक्षर बारीक करावं लागेल, मग उन्हात दिसणार नाही. ‘बंद करा’ बसतं.”

“‘बंद करा’ दुसऱ्या कामाला दिलाय. खिडकी बंद करायला. एकाच पडद्यावर दोनदा येईल तो.”

“एक वर आहे, एक खाली आहे,” कर्णिक सर म्हणाले. “आणि खालचं दाबलं की आपण पुन्हा विचारतोच, ‘नक्की बंद करायचे आहे का?’ म्हणून. संदर्भावरून कळतं गं. माणसं इतकी बावळट नसतात.”

“सर, मी स्वतः तिथं जाऊन सांगून आलेय. ‘बंद’ला घाबरू नका, असं. बायांनी लिहून घेतलंय. पुस्तिकेतही तेच छापलंय.”

“पुढच्या आवृत्तीत बदलू ना. दीड महिन्याचा प्रश्न आहे. पुस्तिकाही तेव्हाच बदल, दोनदा कशाला छापायची? आज ही आवृत्ती गेली पाहिजे.”

आवृत्ती बाहेर पडण्याआधी एक यादी भरावी लागे. तिच्यातला नववा रकाना माझा होता, ‘भाषा तपासली’. माझी खूण असल्याशिवाय पुढचं काही हलत नसे. मी आणखी थोडा वेळ वाद घातला. ईशान घड्याळाकडे बघत होता. मीही बघत होते. त्या वर्षात मी शब्दांवरून इतक्या वेळा भांडले होते, इतक्या वेळा माझी थट्टा झाली होती, की त्या दुपारी मला नुसता कंटाळा आला. दुसरं काही नाही. कुणी दम दिला नव्हता, आमिष दाखवलं नव्हतं. चारला मी खूण केली आणि बॅग उचलून स्टेशनवर गेले.

पुढे कोठारपाड्याला जे झालं ते मी चौकशीच्या कागदांवरून जुळवलेलं आहे.

आवृत्ती निघून तीनेक आठवडे झाले होते. मंगळवार होता. दुपारी दीडच्या सुमाराला जेमा पाडवी नावाची तेवीस वर्षांची बाई बाळंत झाली. पहिलीच खेप, मुलगी. मूल चांगलं होतं, पण जेमाचं रक्त थांबेना. डॉक्टर दुसऱ्या गावी शिबिराला गेले होते. रमिलाबाईंनी इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, पोट चोळलं, जे जे करायचं असतं ते सगळं केलं. एक वाजून बावन्न मिनिटांनी त्यांनी टॅबलेटवरून गाडी मागितली. दोन मिनिटांत पडद्यावर आलं, ‘रुग्णवाहिका निघाली आहे’. गाडी अठरा किलोमीटरवर होती. घाट धरला तरी अर्ध्या तासात आली असती.

आता त्यांना जेमाचा रक्तगट हवा होता, म्हणजे मोठ्या दवाखान्याला आधीच कळवता आलं असतं. तो जुन्या नोंदीत होता, आणि नोंद त्या खिडकीच्या मागे. त्यांनी खिडकी बंद करायला ‘बंद करा’ दाबलं. अंगठ्याजवळ होतं ते, खालचं. ‘नक्की बंद करायचे आहे का?’ असं पडद्यानं विचारलं. हात रक्तानं माखलेले होते. त्यांनी ‘होय’ दाबलं. खिडकी गेली, हवी होती तशीच.

एक वाजून सत्तावन्न मिनिटांनी ड्रायव्हरला निरोप गेला. ‘मागणी बंद झाली आहे.’ तो फाट्यापर्यंत पोचला होता. त्यानं गाडी वळवली आणि दुसऱ्या एका अपघाताच्या ठिकाणी गेला.

रमिलाबाई वाट बघत राहिल्या. टॅबलेट रुग्णालयाच्या वायफायवर चालायचा, पण कोठारपाड्यात फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळायची. जेमाला सोडून त्यांना जाता येईना. पाऊण तास झाला तेव्हा त्यांनी सफाईच्या मावशींना टाकीवर पाठवलं. मावशी धापा टाकत परत आल्या आणि म्हणाल्या, “बाई, ते म्हणतात, तुम्हीच नको सांगितलं.”

दुसरी गाडी यायला तीन वाजून चाळीस मिनिटं झाली. घाट उतरायच्या आत जेमा गेली.

ही बातमी मला कर्णिक सरांनी दिली. केबिनचं दार लावून घेतलं, मला बसायला सांगितलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता. तो माणूस दुष्ट नव्हता, हे मला इथं सांगितलं पाहिजे.

“समिती बसलीय. परवा सोमवारी तिकडे जायचंय. ते पुस्तिका मागणार.”

“पुस्तिकेत लिहिलंय सर. पान एकतीस. ‘बंद करा दाबल्याने मागणीवर परिणाम होत नाही.’”

“माहीत आहे. म्हणूनच तुला बोलावलं.” ते टेबलाकडे बघत बोलत होते. “सुधारित पुस्तिका हवी. नव्या आवृत्तीला जुळणारी. आवृत्तीच्याच तारखेची. सर्व्हरवर ती तेव्हापासून होती असं दिसलं पाहिजे. त्यांनी उघडून बघितली नाही, हा त्यांचा प्रश्न.”

“हे खोटं आहे, सर.”

“हो,” ते म्हणाले. “पण या कामावर साठ माणसं आहेत. आणि सुलक्षणा, ‘भाषा तपासली’ पुढे कुणाची खूण आहे, ते मी तुला सांगायला नको.”

मी माझ्या जागेवर आले. शनिवार होता, मजल्यावर फारसं कुणी नव्हतं. मी जुनी पुस्तिका उघडली. शहाण्णव पानं. ‘समाप्त’ आणि ‘बंद’ हे शब्द मिळून त्रेसष्ट ठिकाणी होते. प्रत्येक ठिकाण तपासत गेले. जिथं मागणी संपवायची होती तिथं ‘मागणी-चौकटीतील बंद करा’ केलं आणि जिथं खिडकी घालवायची होती तिथं ‘वरच्या कोपऱ्यातील बंद करा’. पान एकतीसवर ठळक अक्षरात सूचना घातली. ‘या दोन बटणांमध्ये गल्लत करू नये.’ चित्रं बदलली. अनुक्रमणिका बदलली. शेवटी शब्दसूचीही बदलली, आणि मग पहिल्यापासून पुन्हा सगळं वाचलं, कुठे जुना शब्द राहून गेला असला तर पकडले जाऊ म्हणून. राहिला नव्हता. इतकी निर्दोष पुस्तिका मी आयुष्यात केली नव्हती. संध्याकाळी सहाला त्यावर आवृत्तीच्या शुक्रवारची तारीख घातली आणि कर्णिक सरांना पाठवून दिली.

सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी एका लांबट खोलीत समिती बसली. तीन जण होते. रमिलाबाई समोरच्या खुर्चीवर होत्या, तीच पिशवी मांडीवर घेऊन. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. ओळखीचं माणूस भेटल्यावर उजळतो तसा. त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी आलेय.

“तुम्हाला यंत्रानं पुन्हा विचारलं होतं,” अध्यक्ष म्हणाले. “तरी तुम्ही होय म्हणालात.”

“साहेब, मला खिडकी बंद करायची होती. मी खिडकीलाच होय म्हणाले.” त्यांनी वही काढली, पान उघडलं. “हे बघा. प्रशिक्षणात मॅडमनी सांगितलं होतं. बंद म्हणजे फक्त खिडकी. मॅडम इथंच आहेत, त्यांना विचारा.”

अध्यक्षांनी वही हातात घेतली, वाचली, आणि माझ्याकडे वळले. “हे तुम्ही सांगितलं होतं?”

कर्णिक सर माझ्या डावीकडे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“प्रशिक्षण जुन्या आवृत्तीचं होतं,” मी म्हटलं. “नव्या आवृत्तीत बदल झाला. त्याची पुस्तिका दिलेली आहे. पान एकतीस.”

“आम्हाला नाही मिळाली मॅडम,” रमिलाबाई म्हणाल्या. चिडून नाही. मी काही विसरले असेन आणि त्या मला आठवण करून देताहेत, अशा सुरात. “आमच्याकडे तीच जुनी आहे, निळ्या कव्हराची.”

“सर्व्हरवर होती,” कर्णिक सर म्हणाले.

अध्यक्षांनी नवी पुस्तिका चाळली. एकतिसावं पान दोनदा वाचलं. “स्पष्ट लिहिलंय,” ते म्हणाले. आणि वही रमिलाबाईंना परत केली.

त्या कंत्राटावर होत्या. त्यांना काढायला फार कागद लागले नाहीत.

बाहेर व्हरांड्यात मी कर्णिक सरांच्या गाडीची वाट बघत उभी होते. रमिलाबाई माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता ही बाई ओरडेल. तिनं ओरडावं असं मला फार वाटत होतं. पण त्या अगदी जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “मॅडम, एक खरं सांगा. माझंच चुकलं का? मी खूप आठवून बघते. दोन बटणं होती, एवढं आठवतं. मी न वाचता दाबलं का? तुम्ही सांगितलेलं मीच उलटं समजून घेतलं का? मला झोप येत नाही. तुम्ही सांगाल ते मी मानते.”

कुणी ऐकत नव्हतं. समिती आत होती, सर फोनवर होते. त्या बाईला माझ्याकडून कागद नको होता, साक्ष नको होती. एक वाक्य हवं होतं.

मी म्हटलं, “घाईत होतं असं माणसाकडून. मनाला लावून घेऊ नका.”

त्यांनी मान हलवली. दोनदा, सावकाश. “हं,” म्हणाल्या. “म्हणजे माझंच.” आणि पायऱ्या उतरून गेल्या.

पुढच्या आवृत्तीत बटणावर ‘मागणी मागे घ्या’ आलं. अक्षर थोडं बारीक केलं. उन्हातही चांगलं दिसत होतं.

मी ती नोकरी आणखी सहा वर्षं केली. हे लपवून काय उपयोग. पगार वाढला, माझ्या हाताखाली माणसं आली, मी त्यांना एका शब्दाचा एकच अर्थ कसा राखायचा ते शिकवलं. मग एक दिवस शिकवताना माझं तोंडच उघडेना. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी राजीनामा दिला.

चौकशीनंतर नवव्या वर्षी मी कोठारपाड्याला गेले. रमिलाबाईंचं घर शोधायला वेळ लागला नाही. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं. ज्या माणसानं वाट दाखवली तो म्हणाला, “ती का, गाडी परत पाठवली ती?”

त्या अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. केस पार पिकले होते. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला, मग खाट पुढे ओढली, पाणी दिलं.

मी सगळं सांगितलं. साखरपुड्याआधीचा शुक्रवार, नववा रकाना, ती शनिवारची पुस्तिका, खोटी तारीख. काहीही गाळलं नाही. बोलताना मी रडले, त्या नाही रडल्या. फुलं सारखी करत राहिल्या.

“तुमचं काही चुकलं नव्हतं,” मी म्हटलं. “तुम्ही जे शिकलात तेच केलंत. चूक माझी होती.”

त्या म्हणाल्या, “जेमाच्या आईकडे मी गेले होते तेव्हा. चौकशी झाली त्याच आठवड्यात. तिचे पाय धरले आणि सांगितलं, तुझी पोरगी माझ्या हातून गेली. ती म्हणाली, माझ्या दारात पुन्हा येऊ नको. तरी मी जायचे. नातीसाठी दूध, कपडे काही न्यायचे. ती ते बाहेर फेकायची. मी दुसऱ्या महिन्यात पुन्हा जायचे.”

“आता आहेत का त्या? मी त्यांना सांगते. आत्ता जाऊ, चला.”

“परवाच्या उन्हाळ्यात गेली. मरताना मला शिव्या देत गेली, असं लोक सांगतात.”

त्यांनी फुलांची आणखी एक ओंजळ पसरली.

“व्हरांड्यात मी विचारलं,” त्या म्हणाल्या, “तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर तो घेऊन मी परत येऊ शकले असते. नुसती एक थकलेली बाई दुसरीकडे बघत होती, आणि तिला माझ्याशी काहीही करायचं नव्हतं. तिनं फुलांवरची एक काडी काढून बाजूला टाकली.

“बस चारची आहे,” ती म्हणाली. “तीच शेवटची. चुकवू नका.”

मी घड्याळ पाहिलं. पावणेदोन वाजले होते. मी उठले.